बारा दिले, बारा जमा

माझ्या थोरल्या भावाला घड्याळाची टिकटिक सत्तावीस इंचांवरून ऐकू यायची. हे अंदाजाने सांगत नाही, मोजलेलं आहे. त्याला भिंतीशी उभं केलं, डोळे मिटायला लावले, शिंप्याची टेप त्याच्या कानापासून ताणली आणि माझं किल्लीचं मनगटी घड्याळ लांबून हळूहळू जवळ आणलं. ऐकू आलं की त्याने हात वर करायचा. उजवा कान सत्तावीस, डावा सव्वीस. माझे पंचवीस आणि चोवीस भरले. वहिनीचे एकोणतीस भरले, तर दादा म्हणाला, "शेजारच्या घरातलं ऐकून ऐकून तयार झाल्यात तिचं कान."

रविवारची दुपार होती, घरातला खेळ होता. विजेच्या मीटरचं रीडिंग लिहायच्या वहीत शेवटच्या पानावर मी ते आकडे लिहून ठेवले. मला मोजायची खोड लहानपणापासून आहे. विहिरीचं पाणी किती पायऱ्या खाली गेलं, एसटी किती मिनिटं उशिरा आली, पोतंभर ज्वारी किती दिवस पुरली, सगळं लिहिलेलं असतं. ते पान अजून माझ्याकडे आहे. उघडलं की संताप होतो. तो कोणाकोणावर होतो ते सांगायलाच बसलो आहे, आणि त्यातून मी स्वतःला वगळणार नाही.

नव्वद सालानंतरची दोन-तीन वर्षं गेली होती. जिकडेतिकडे रस्ते रुंद होत होते आणि खडी कितीही असली तरी कमीच पडत होती. आमच्या अवसरी बुद्रुकपासून सायकलने पस्तीस मिनिटांवर, एका उघड्या माळावर, एका शेठचा खडी क्रशर होता. दादा तिथे मिस्त्री होता. वर्षभराने मीही तिथेच लागलो. डंपर मोजायचे, हजेरी लिहायची आणि कपाटाची किल्ली सांभाळायची, एवढं माझं काम. मी पत्र्याच्या खोलीत बसायचो. तिथून मशीन बहात्तर पावलांवर. दादा मशीनपासून दोन पावलांवर.

मशीनला आम्ही जबडा म्हणायचो, आणि ते होतंही तसंच. लोखंडाच्या दोन जाड ताटल्या, एक उभी, दुसरी पुढेमागे होणारी. वरून कोंबड्यांच्या खुराड्याएवढा दगड पडायचा आणि खालून मुठीएवढी खडी निघायची. त्याच्या आवाजाचा आकडा मला देता येणार नाही, कारण तो मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. पण दादाच्या शेजारी हातभर अंतरावर उभं राहून पूर्ण ताकदीने हाक मारली तरी ती त्याला ऐकू जायची नाही. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कानाला खातो, त्याला वेगळं यंत्र लागत नाही. म्हणजे मोजमाप आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. सगळ्या गोष्टी मोजणाऱ्या माणसाला तेवढं दिसलं नाही.

न दिसायला कारणही होतं. क्रशरवर सगळं बोलणं हातांनी चालायचं. मूठ गोल फिरवली की मशीन चालू कर. दोन मनगटांची फुली केली की बंद कर. तळहात आडवा धरला की दगड अडकलाय. कानाची पाळी धरली की बेरिंग. अंगठा ओठाला लावला की चहा आला. बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, तसे आम्ही दिवसभर उघड्यावर, धुळीत, बोटांनी बोलायचो. शिव्यासुद्धा होत्या, आणि त्या तोंडच्या शिव्यांपेक्षा जास्त लागायच्या. नवा माणूस आठ दिवसांत तयार व्हायचा. आम्हाला त्याचा अभिमान होता.

या बोटांनीच घात केला. शेतात, दुकानात, शाळेत एखाद्याला कमी ऐकू यायला लागलं तर महिन्याभरात चार जणांच्या लक्षात येतं. क्रशरवर कोणीच बहिरं नव्हतं, कारण तिथे कोणाला काही ऐकायचंच नव्हतं. डोळे शाबूत असले की माणूस कामाचा.

अपवाद एकटा दादा. त्याच्या कामाला कान लागायचे. जबड्याचा मोठा दांडा चार बेरिंगांवर फिरायचा. बेरिंग बिघडत आलं की ते आधी आवाजातून सांगतं, गरम होणं आणि जाम होणं नंतरचं. दादा पहार घ्यायचा, तिचं टोक बेरिंगच्या कवचावर टेकवायचा, दुसरं टोक डाव्या कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. एका बेरिंगला एक मिनिट. चांगलं बेरिंग सुपात तांदूळ पाखडल्यासारखं वाजतं, असं तो सांगायचा. बिघडायला लागलं की त्यात एक बारीक शिट्टी येते, लांबच्या शेतात कोणी पिपाणी फुंकावी तशी. ती शिट्टी त्याने किती तरी वेळा वेळेत पकडली. एवढ्या गदारोळात, पहारीतून आलेली. शेठ पाहुण्यांना दाखवायचा, "मिस्त्रीचं कान म्हंजे आपलं मीटर हाय, राव."

आणि मीटर सांभाळायचं कोणी? डंपरला ताडपत्री होती. मोटारीवर पत्र्याचं छप्पर होतं. डिझेलच्या पिंपाला कुलूप होतं.

एके दिवशी निरोप आला की उद्या कामगार खात्याचे साहेब पाहणीला येणार. शेठने पुण्याहून एक खोकं आणलं. त्यात कानावर घालायचे बारा पिवळे हेडफोन होते. खरं नाव वेगळं असेल, आम्ही हेडफोनच म्हणायचो. दोन कानांवर दोन वाट्या, आत स्पंज, डोक्यावरून पट्टी. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. दादाने घातले आणि वाट्या चाचपत शेठला विचारलं, "याच्यात गानं कंच्या बटनानं लागतं?" माणसं हसली. साहेब आले, दोन तास थांबले, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळं पाहून समाधानाने सही करून गेले.

त्यांची जीप उताराला लागली आणि शेठ मला म्हणाला, "गोळा करा भाऊ. मोजून घ्या. आन् कपाटात ठिवा, धुळीनं खराब व्हत्यात."

स्पंज धुळीने खराब होतो म्हणून तो कपाटात, आणि कान बाहेर. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही. मी एकेकाच्या डोक्यावरून उतरवून घेतले. मोजले. रजिस्टरमध्ये लिहिलं, हेडफोन वाटप १२, जमा १२. सही केली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. एकही कमी भरला नाही याचं मला बरं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी सायकलवरून घरी येताना दादा म्हणाला, "बारक्या, आज कानात रातकिडं न्हाईत."

"कसले रातकिडे?"

"रोज असत्यात की. मशीन बंद झालं का सुरू व्हत्यात, ते झोप लागंपर्यंत. तुला न्हाई येत?"

"नाही."

"तू लांब बसतोस म्हनून." एवढं बोलून तो कांद्याच्या रोपांवर आला, यंदा रोप कोणाकडून घ्यायचं ते.

दोन तास कान झाकले तर त्या दिवशी रातकिडे नाहीत. इतका सरळ हिशेब दादाने स्वतःच्या तोंडाने मांडला होता आणि मी सायकल हाणत ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी दादाने नेहमीप्रमाणे खोबरेल तेलात भिजवलेले कापसाचे बोळे कानात घातले आणि कामाला लागला. बोळ्यांनी धूळ अडते. आवाज अडल्याचा नुसता भास होतो.

पुढच्या वर्षी खेळ म्हणून पुन्हा टेप ताणली. दादाचा उजवा बावीस, डावा एकोणीस. सर्दी असेल म्हणालो. त्यानंतरच्या वर्षी मोजलंच नाही, घराचं काम काढलं होतं. पण मोजल्याशिवायही दिसत होतं. टीव्हीचा आवाज वाढला, मग आणखी वाढला. वहिनी म्हणायची, "भावजी, ह्यांना सांगा, बातम्या आपल्यासाठी असत्यात, गावासाठी नाय." दादाचं म्हणणं उलटं होतं. लोक अलीकडे तोंडातल्या तोंडात बोलतात. मास्तर, कंडक्टर, पोस्टमन, सगळे. जेवताना तो मीठ हवं असलं की चिमूट दाखवायचा, पाणी हवं असलं की अंगठा. घरात सगळ्यांना त्याची गंमत वाटायची. त्याची मुलगी तेव्हा लहान होती आणि तिचा आवाज मुळातच बारीक. ती काही सांगायला आली की तो खेकसायचा, "तोंड उघडून बोल की." हळूहळू ती सगळं आईला सांगायला लागली, आणि आई ते मोठ्याने दादाला. पोरगी त्याच्यासमोर बसलेली असायची, आणि तिचं बोलणं असं वळसा घालून जायचं.

रविवारी आम्ही विहारात वंदनेला जायचो. सगळे मिळून म्हणतात, एका लयीत, आणि शेवट आला की एकदम थांबतात. एका रविवारी सगळे थांबले आणि दादाचा आवाज एकटाच पुढे चालू राहिला. पूर्ण एक ओळ. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी वळून हसल्या. दादाने डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं आणि थांबला. घरी गेल्यावर टेप काढली.

उजवा चौदा. डावा नऊ. डाव्या कानाकडे घड्याळ आणत होतो तेव्हा तो डोळे मिटून उभा होता, आणि ते दहा इंचांवर आल्यावर म्हणाला, "किल्ली दे त्याला. बंद पडलंय."

घड्याळ चालू होतं.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट विचार केला, आणि माझ्या पद्धतीने केला. दुसऱ्या दिवसापासून सहा दिवस मी दादाकडे पाहून मिनिटं टिपली. कामाचे तास आठ, म्हणजे चारशे ऐंशी मिनिटं. पहार लावून बेरिंग ऐकणं सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, बंद करायच्या आधी एकदा. चार बेरिंग, एकेक मिनिट, तीन वेळा. बारा मिनिटं. सहाही दिवस बारा. उरलेला सगळा वेळ त्याला कानांची काही गरज नव्हती, ते नुसते उघडे होते.

ते मी त्याला कागदावर मांडून दाखवलं, कारण हेडफोनचा विषय काढला की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "त्ये घातल्यावर बेरिंग कोन ऐकनार, तुझा आजा?"

"बारा मिनिटं काढून ठेव. चारशे अडुसष्ट मिनिटं घाल."

त्याने कागद बराच वेळ पाहिला. दादाला आकडे पटायचे, हा आमच्या घरातला गुण आहे. मग म्हणाला, "बरं. काढ मंग कुलूप."

किल्ली माझ्या खिशात होती. आणि मी म्हणालो, "शेठला विचारतो."

या एका वाक्याचा मला जेवढा राग येतो तेवढा शेठचा येत नाही. शेठ शेठसारखाच वागला. मी विचारलं तेव्हा तो चहा पीत होता. म्हणाला, "ते सायबांसाठी हायेत हो. रोज वापरल्यावर टिकत्यात का? आन् उद्या हेडफोन घालून कुनाला मागचा डंपर ऐकू नाय आला तर?"

मी म्हणालो, "डंपर आत्ताही कुणाला ऐकू येत नाही, शेठ. माणसं बघून बाजूला होतात."

"तुमी लई हिशेबी मानूस. कानात बोळं घालायला सांगा."

मी बाहेर आलो आणि लांबून दादाला मनगटांची फुली दाखवली. नाही. त्याने मान डोलावली आणि पहार उचलली.

मंचरच्या औषधाच्या दुकानात मी कानात घालायचं काही मिळतं का विचारलं. त्यांनी कापूस दिला. पुण्याला जाऊन तसलंच एक खोकं शोधता आलं असतं. एसटी दर अर्ध्या तासाला होती, ती किती मिनिटं उशिरा येते हेसुद्धा मला ठाऊक होतं. गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता दोन वर्षं गेली. मधल्या काळात साहेब येत राहिले. पहिल्या वेळेसकट पाच पाहण्या झाल्या. पाचही वेळा बारा दिले, बारा जमा. पाचही नोंदी माझ्या अक्षरात.

मग बेरिंग गेलं. दादाने सकाळी नेहमीप्रमाणे चारही बेरिंगांना पहार लावली, डोळे मिटले, आणि मूठ गोल फिरवून मशीन चालू ठेवायला सांगितलं. आठवडाभर असंच. मग एका दिवशी जेवणाआधी तिसरं बेरिंग जाम झालं, दांडा वाकला, आणि जबडा तोंडात दगड धरून तसाच थांबला. एकाएकी इतकी शांतता झाली की पट्ट्यावरून घसरणारी खडी मला माझ्या खोलीत ऐकू आली. कोणाला काही लागलं नाही. मशीन अकरा दिवस बंद राहिलं.

पुण्याहून आलेल्या फिटरने बेरिंग उघडलं आणि शेठसमोर म्हणाला, "हे किमान आठवडाभर वाजत असणार. कुणाला ऐकू कसं नाही आलं?"

शेठने दादाकडे पाहिलं. दादा फिटरच्या तोंडाकडे पाहत होता. ओठ वाचायचा प्रयत्न चालला होता हे मला कळलं, आणि शेठलाही कळलं. शेठ एक पाऊल जवळ आला आणि मोठ्याने बोलला, "मिस्त्री, कान गेलं तुमचं."

हे मात्र दादाला ऐकू आलं.

मशीन दुरुस्त झालं त्या दिवशी शेठने दादाच्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि चार माणसांसमोर म्हणाला, की मिस्त्रींनी लई वर्षं सेवा केली, आता त्यांना विश्रांती. दादा तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ज्याने कान राखायची वस्तू कपाटात ठेवली तोच कान गेले म्हणून माणसाला काढतो, आणि त्याला सत्कार म्हणतात.

पुण्यातल्या एका दवाखान्यात नेलं. गादी मारलेल्या भिंतींची लहान खोली होती. दादाला आत बसवून त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "हितं एकच हाय. मोजायला सोपं." डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत ती जरा उतरत पण सपाट चालली होती आणि पुढे एकदम खाली, घाटघरच्या पठारावरून चालत जावं आणि नाणेघाटाशी पायाखालची जमीन संपावी तशी. त्या म्हणाल्या, मोठ्या आवाजाने आधी बारीक, उंच स्वर जातात. पक्ष्यांचे, लहान मुलांचे, शिट्टीचे. माणूस म्हणत राहतो की मला ऐकू येतं, लोकच नीट बोलत नाहीत. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं सांभाळायचं.

आधी बारीक आवाज जातात. म्हणजे शेठचं मीटर ज्या शिट्टीसाठी होतं, जबड्याने पहिल्यांदा तीच खाल्ली. आणि पोरीचा आवाज. दादाला जे दोन आवाज ऐकायचे होते ते दोन्ही.

मी विचारलं, "कान झाकले असते तर?"

"तर आज तुम्ही इथे आला नसता," बाई म्हणाल्या. त्या तुसड्या नव्हत्या. विचारलं म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर मी सगळ्यांना ती रेघ समजावून सांगितली. हेडफोनचंही सांगितलं, शेठने कसे कपाटात ठेवले, किती वर्षं ठेवले. शेठला मी बरंच बोललो. पुतणी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती तिच्या बारीक आवाजात म्हणाली, "पण काका, किल्ली तर तुमच्याकडं होती ना?"

वहिनी तिला म्हणाली, "गप बस." दादाने विचारलं, "काय म्हनली?" कोणीच त्याला सांगितलं नाही.

साहेबांची सहावी पाहणी त्यानंतर दोन महिन्यांनी आली. दादाच्या जागी नवा मिस्त्री आला होता, सव्वीस वर्षांचा, गावातल्याच एका घरचा जावई. त्यालाही पहार लावता यायची. मी कपाट उघडलं, बारा हेडफोन काढले आणि वाटले. साहेब आले, पाहिलं, सही केली, गेले. जीप उताराला लागली.

शेठ म्हणाला, "गोळा करा."

मी नव्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने वाट्या काढायला हात वर नेला होता. मी तो हात धरून खाली केला. मग रजिस्टर उघडून त्याच्यासमोर पानावर लिहिलं, ४८० वजा १२, बरोबर ४६८. त्याला कळेना. मी पहार दाखवली, कान दाखवला, बारा दाखवले, आणि हेडफोनकडे बोट करून उरलेला आकडा दाखवला. त्याने ओरडून विचारलं, ते मला ओठांवरून कळलं, "शेट वरडंल त्याचं काय?" मी ओठांवरून कळेल असं सावकाश म्हणालो, "तुला ऐकू नाही येणार."

खोलीत येऊन नोंद केली. हेडफोन वाटप १२, जमा ०. सही केली.

शेठने रजिस्टर पाहिलं. "हे काय?"

"जेवढं झालं तेवढं लिहिलंय."

"भाऊ, तुमच्या भावाचं वाईट वाटतं मला बी. पन ही पद्धत नव्हं. आत्ता जा आन् बारा जमा करून आना."

"नाही."

"एक पन?"

"एक पण."

मी किल्ली रजिस्टरवर ठेवली आणि सायकल काढली. उद्यापासून येऊ नका, असं शेठ मागून म्हणाला असावा. मशीन चालू होतं, त्यामुळे काय म्हणाला ते मी खात्रीने लिहू शकत नाही.

हे फार धाडस झालं असं कोणी समजू नये. हेच मी पहिल्या पाहणीच्या दिवशी करायला हवं होतं, तेव्हा दादाचे सत्तावीस आणि सव्वीस होते. आता त्याचा उजवा सहा आहे आणि डाव्याला घड्याळ टेकवलं तरी कळत नाही.

दादा पुढे बेल्ह्याच्या बाजारात एका बैल व्यापाऱ्याबरोबर जायला लागला. तिथे भाव रुमालाखाली बोटांनी होतो, कान लागत नाहीत, आणि बोटांच्या भाषेत दादा कोणाला हार जाणारा नाही. लोक म्हणतात, बघा, कसं सगळं जुळून आलं. असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, की त्याच बाजारात टेम्पो मागून येतो तेव्हा काय जुळतं? दोनदा त्याला मोटारसायकलचा धक्का बसला. तो बाजारात भिंतीला पाठ लावून उभा राहतो, म्हणजे मागून काही येणार नाही.

सव्वा वर्षाने मंचरच्या स्टँडवर तो नवा मिस्त्री भेटला. दादा माझ्याबरोबर होता. मिस्त्रीच्या पिशवीतून पिवळी वाटी डोकावत होती. त्या संध्याकाळी माणसं हेडफोन घेऊनच घरी गेली होती, असं त्याने सांगितलं. पट्टी तुटली म्हणून सुतळीने बांधली होती. "किती वेळ काढतोस?" मी विचारलं.

"बाराच मिन्टं. कदी तेरा व्हत्यात."

"आणि बाकीचे लोक?"

त्याने मनात मोजलं. रोज घालणारे, त्याला धरून, चार.

ते दादाला सांगायला मी चार बोटं वर केली आणि मिस्त्रीच्या पिशवीकडे दाखवलं. दादाने मिस्त्रीकडे पाहिलं, कानाची पाळी धरली आणि मूठ गोल फिरवली, बेरिंग ठीक, चालू ठेव. मिस्त्री हसला, दादाही हसला. मला हसू आलं नाही. बारातून चार गेले की आठ उरतात. ते आठ कोणाकोणाकडे आहेत, घरात पोरं खेळतात की ट्रॅक्टरला लटकवलेत, ते मी मिस्त्रीला एकेकाचं नाव घेऊन विचारलं आणि एसटी लागायच्या आत वहीत लिहून घेतलं. पुढच्या रविवारी बारा मिनिटांच्या हिशेबाचा कागद खिशात घातला आणि सायकल काढून पहिल्या घरी गेलो.